दोन दारांमधला दिवा

मित्रांनो, मी एक जुना मातीचा दिवा आहे. जुना म्हणजे किती? तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही मी पोरच म्हणेन! सोळाशे वर्षांपूर्वी रोमन साम्राज्यातल्या अँटिऑक शहरात माझा जन्म झाला. माझा कुंभार पक्का व्यवहारी. निम्मे गिऱ्हाईक ख्रिस्ती, निम्मे जुन्या देवांचे; म्हणून त्याने माझ्यावर ना क्रूस काढला, ना देव. नुसती द्राक्षाची वेल काढली.

माझी पहिली मालकीण ख्रिस्ती होती. नववर्षाला सारे शहर दारोदारी दिवे लावी. तिचे धर्मगुरू रागावत, "हा आपला सण नव्हे." दिवा लावावा तर धर्मगुरू रुसत, न लावावा तर गल्ली. शेवटी ती मला गल्लीच्या पाणवठ्यावर ठेवी. तिथे सगळेच पाणी भरत.

पुढे शहर पडले आणि मी मातीखाली गेलो. कित्येक शतकांनी कुणीतरी मला उकरून काढले आणि दुसऱ्या महायुद्धात सुभेदार सर्जेरावांनी मला सिरियाच्या बाजारात विकत घेतले. १९५६ साली त्यांच्या बदलीबरोबर मी जयपूरला आलो. "कुणाच्या थडग्यातला असेल, देवापुढे नको!" म्हणत त्यांच्या पत्नीने, तारामतीबाईंनी, मला फडताळात कोंडले. मला फार वाईट वाटले.

शेजारच्या क्वार्टरमध्ये अनुसयाबाई नव्याने राहायला आल्या होत्या. लष्करी इस्पितळात परिचारिका, मूळच्या नगरच्या मराठी ख्रिस्ती. दिवाळीत बायकांनी घरोघर फराळाची ताटे दिली, त्यांचे दार मात्र वगळले. "त्यांना चालायचं नाही," असे प्रत्येकीने आपल्याआपणच ठरवले. विचारले कुणीच नाही! संध्याकाळी क्वार्टरांची सगळी ओळ उजळली, तेवढे एक दार अंधारात राहिले.

तारामतीबाईंना राहवेना. ताट घेऊन त्या गेल्या. "अनुसयाबाई, दार असं अंधारात का हो?"

"मी ख्रिस्ती, पूजेचा दिवा मला लावता येत नाही. आणि ताटही आलं नाही. मतलब... वाटलं, मी तुमच्यात नाहीच."

"अगं बाई, चुकलंच आमचं!" तारामतीबाई ओशाळल्या. "पूजेचा नको. आमच्याकडे एक आहे, कुठल्याच देवाचा नाही तो."

अशी माझी सुटका झाली! दोन दारांमधल्या कठड्यावर मला ठेवले. एकीने तेल घातले, दुसरीने वात लावली. शेकडो वर्षांनी मी पेटलो आणि मला हायसे वाटले.

अनुसयाबाईंनी चकलीचा तुकडा मोडला. "वहिनी, मोहन कमी पडलंय हो. दात तरी शिल्लक ठेवा की!"

तारामतीबाई खळखळून हसल्या. परक्या माणसाने अशी नावे ठेवली नसती.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाच. पण त्याआधी शेजाऱ्याला काय चालते हे घरात बसून ठरवू नका. त्याचे दार वाजवा आणि त्यालाच विचारा.