हेल्मेटची काच

वहिनी सकाळी सात ते आठ बोलत नसे. एकोणीस वर्षांचा नेम होता. देवापुढे बसून झालं की उरलेला वेळ हात कामाला लागत आणि तोंड देवाच्या हवाली. अगदीच अडलं तर फ्रिजला दोरीने पेन्सिल बांधलेली वही होती. तीत लिहायची, 'दूध बघा', 'छत्री न्या'. एवढ्या वर्षांत नेम मोडला तो एकदाच, सासरे बाथरूममध्ये घसरले तेव्हा. त्या दिवशी तिने अशी हाक मारली होती, की वरच्या मजल्यावरचे लोक अर्धी दाढी तशीच ठेवून खाली आले.

सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणे. नवरा दूरच्या बदलीवर, महिन्यातून एकदा घरी. घरात ती, सासरे नाना आणि धाकटा दीर. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायची. नानांची कवळीही तिच्याच हातची. कुणी भेटायला आलं की नाना मुद्दाम मोठ्ठं हसून दाखवत आणि म्हणत, "हे हसू सूनबाईचं आहे बरं का. माझं स्वतःचं कधीच झिजलं."

दीर वीजमीटरचे आकडे घेत घरोघर फिरे. वय चाळिशीला टेकलेलं, पण लहानपणी टीव्हीवर पाहिलेला एक अंतराळरक्षक त्याच्या डोक्यातून काही उतरला नव्हता. एका बंद पडलेल्या नाटक मंडळीच्या सामानातून त्याने त्या रक्षकाच्या हेल्मेटची हुबेहूब नक्कल पैदा केली. हुबेहूब म्हणजे कोणे एके काळी. आता हनुवटीपाशी वीतभर चीर, कानावरचा एक गोळा गायब आणि चंदेरी रंगाचे पापुद्रे निघालेले. धड राहिली होती ती फक्त समोरची काच. मधाच्या रंगाची, गालांकडे वळवून बसवलेली. काच कसली, प्लॅस्टिकच, पण तिच्यातून पाहिलं की आपला व्हरांडासुद्धा दुसऱ्या ग्रहावरचा वाटे.

"वहिनी, तुम्ही लोकांना दात लावून देता, मला डोकं लावून द्या," दीर म्हणाला. महिन्याअखेरच्या रविवारी हौशी लोकांचं प्रदर्शन होतं, वेश करून जायचं होतं.

"ते देवाकडूनच राहून गेलंय, भाऊजी. मी काय करणार?" असं म्हणत तिने हेल्मेट ओढून घेतलंच.

तीन आठवडे व्हरांड्यात काम चाललं. चीर तिने आतून जाळी लावून बुजवली, वरून लांबी भरली, पॉलिश पेपरने घासली, बोट फिरवून पाहिली, पुन्हा घासली. कानावरचा गेलेला गोळा तिने कवळीच्याच गुलाबी मसाल्यातून घडवला. रंगाचे हात दिराने दिले. आणि काचेचे चार इवलेसे स्क्रू बसवले नानांनी. नाना जन्मभर सराफांचे आणि औषधवाल्यांचे तराजू दुरुस्त करत आले होते. हल्ली ते विसरत. एकदा गॅस चालू राहिला, एकदा फिरायला गेले ते भलत्याच गल्लीत जाऊन बसले. हातही कापे. पण पेचकस धरला की तोच हात जागच्या जागी थांबे. चौथा स्क्रू बसल्यावर त्यांनी खिशातला रुमाल काढून सगळं हेल्मेट पुसलं होतं. दिसेल ते पुसायची त्यांना सवयच होती.

मंगळवारी संध्याकाळी घरात कुणी नसताना वहिनीला काचेवर चंदेरी रंगाचा एक ठिपका दिसला. मोहरीएवढा. नखाने निघेना. लॅबमध्ये कवळीचा गुलाबी भाग खडबडीत राहिला, की कापसावर मसाला कालवायचं लिक्विड घेऊन एक हात फिरवायचा, लखलखीत होतो. वीस वर्षं ती हेच करत आली होती. कानासाठी लॅबमधून आणलेली छोटी बाटली पर्समध्ये होती. तिने कापूस भिजवला आणि फिरवला.

ठिपका गेला. ती खूश होऊन काच उजेडाकडे धरते आहे तोच मधल्या भागात बारीक रेषा उठायला लागल्या. केसांहून बारीक, शेकड्यांनी. बघता बघता डोळ्यांसमोरची सगळी जागा दुधाळ झाली. वाकवलेलं प्लॅस्टिक ते लिक्विड सोसत नाही, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं. तिने बाटली पर्सच्या तळाशी घातली आणि हेल्मेटवर फडकं टाकलं. सांगू, म्हणाली मनाशी. जेवताना सांगू. जेवताना दीर रविवारच्या गप्पांत इतका रंगला होता, की मग म्हणाली, सकाळी.

सकाळी साडेसातला दिराने फडकं काढलं.

"हे काय? हे काय झालं?" तो हेल्मेट घेऊन स्वयंपाकघरात आला. वहिनी ओट्याशी, नाना खुर्चीत. "नाना, तुम्ही पुसलंत ना हे? कशाने पुसलंत?"

नानांनी काचेकडे पाहिलं. "मी? रुमालाने पुसलं होतं बाबा."

"रुमालाने असं होतं? संडासातलं ॲसिड घेतलंत की रॉकेल? नाना, अहो, लाख वेळा सांगितलं, कशाला हात लावू नका!"

"नाही रे... तसं काही..." नाना आठवायला लागले. त्यांचं आठवणं डोळ्यांना दिसायचं. अंधारात भिंत चाचपडावी तसं.

दीर वहिनीकडे वळला. "वहिनी, तुम्ही पाहिलंत नानांना हे करताना?"

तिने मान हलवली. नाही.

खरं होतं ते. अक्षरन् अक्षर खरं. तिचा चेहरा कानापर्यंत तापला. पेन्सिल हातभर अंतरावर लोंबत होती. तिने ती धरलीसुद्धा. वहीत लिहिलं, 'गॅस बारीक करा', आणि दिराकडे वही फिरवली.

दिराने गॅस बारीक केला. मागून नाना हळूच म्हणाले, "असेल बाबा. माझ्याच हातून झालं असेल. चुकलं माझं."

आठ वाजले. नेम संपला. दीर चहा न घेता निघून गेला होता. नाना म्हणाले, "सूनबाई, मी कशाने पुसलं गं ते?"

"जाऊ द्या हो, नाना," ती म्हणाली आणि डबा भरायला वळली.

त्या दिवशी लॅबमध्ये तिने एका बाईचे वरचे दात खालच्या जबड्याला लावले. सोबतीण हसून म्हणाली, "वहिनी, ती बाई उलटी लटकून जेवणार का?" वहिनी हसली नाही. लिक्विडची बाटली उघडायची वेळ आली की ती सोबतिणीकडे सरकवायची.

दिराचा राग दुसऱ्या दिवशी उतरलासुद्धा. हेल्मेट कपाटावर, भिंतीकडे तोंड करून. पण नाना दोन्ही हात पाठीमागे बांधून घरात वावरू लागले, एखाद्या परक्याच्या घरी आल्यासारखे. आधी विचारायचे, मग हलायचे. "पेपर घेऊ का?" "खिडकी लावू? की तू लावतेस?" चारचा चहा ते स्वतः करून घेत, तो बंद झाला. गुरुवारी ती सहाला घरी आली, तर नाना अंधाऱ्या खोलीत बसलेले. "दिवा का नाही लावलात?" तिने विचारलं. ते म्हणाले, "म्हटलं, बटण बिघडायचं."

ती देवापुढे बसे तेव्हा आता डोळे मिटेनात. मिटले की मान हलवलेली दिसे. किती अलगद हलवली होती! नेमाचा आडोसा घेऊन. देवासाठी राखलेला तास, आणि त्याच तासात तिने एका म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्याच हातांची भीती घातली होती. सांगायचं तर आता आणखी लाज होती, त्या दिवशी का नाही सांगितलं याची. एक दिवस गेला की तेवढीच भर पडत होती.

शनिवारी सकाळी सव्वासातला नाना स्वयंपाकघराच्या दारात आले. हातात पाण्याची वाटी, वाटीत कवळी. तोंड बोळकं, गाल आत गेलेले. कवळी ते रोज स्वतः धूत, दुसऱ्याला हातही लावू देत नसत.

"सूनबाई," ते म्हणाले. दातांशिवाय शब्द ओले होऊन येत होते. "हे तूच धू. तुझी वस्तू आहे, माझ्या हातून काहीतरी होईल."

वहिनीने वाटी घेतली नाही.

"नाना, ती काच मी घालवली."

आपलाच आवाज तिला मोठा वाटला. बेसिनपाशी दीर ब्रश तोंडात धरून उभा होता. तो म्हणाला, "वहिनी, अजून आठ नाही वाजले."

"माहितीये. भाऊजी, ती काच मी घालवली. मंगळवारी. लॅबचं लिक्विड लावलं मी. नानांनी काही केलं नाही."

दिराने फेस थुंकला, चूळ भरली. बराच वेळ भरली. "मग मी विचारलं तेव्हा?"

"तुम्ही विचारलंत, नानांना करताना पाहिलं का. नव्हतं पाहिलं."

"वा! तुम्ही दातांत कशाला आलात? वकिली करायची होती." त्याने नळ बंद केला. मग नानांकडे पाहिलं आणि त्याची मान खाली गेली. "मीच ओरडलो पण. त्यांच्यावर."

"कुठली काच रे?" नाना म्हणाले.

ते विसरले होते. सगळंच. दिराने कपाटावरून हेल्मेट काढून समोर धरलं, वहिनीने पहिल्यापासून सांगितलं. बाटली, कापूस, फडकं, वही. काही गाळलं नाही. नाना लक्ष देऊन ऐकत होते, वाटीतलं पाणी हिंदकळत होतं.

"म्हणजे मी नव्हतो?"

"नाही, नाना."

"मग मी हो का म्हणालो?"

वहिनी पदराशी चाळा करत राहिली. दीर हेल्मेटच्या आत बघत उभा होता, जसं काही उत्तर तिथे असेल. शेवटी म्हणाला, "ही काढूनच टाकतो. उद्या काचेशिवाय घालीन. आत कोण आहे ते लोकांना दिसेल, एवढंच. नाना, ते चार स्क्रू काढून द्याल?"

"मी?" नानांनी वहिनीकडे पाहिलं. "काढू का गं?"

"काढा ना, नाना."

"आधी हे धुतो मग." ते वाटी घेऊन बेसिनपाशी गेले, नळावर हात ठेवला, आणि तिथेच थांबले. मान वळवून त्यांनी विचारलं, "सोडू?"

"सोडा," ती म्हणाली. त्यांच्याजवळ जाऊन पुन्हा म्हणाली, "सोडा, नाना."