तावदानांची जागा

दुसरं तावदान छातीशी धरून ते जिना उतरू लागले, तशी त्यांची बायको खालून ओरडली.

"अहो, कठड्याला टेकून या! नजर अधू, त्यात दोन्ही हात गुंतलेले. पडलात तर आधी तुम्हाला उचलू की त्या काचेला?"

"आधी काचेला," ते म्हणाले आणि पायानं पायरी चाचपडत खाली आले.

दारात त्यांची जुनी पिवळी गाडी उभी होती. ठेंगणी, दोनच सीटची, आणि डोक्यावर काढता-घालता येणारी काचेची दोन तावदानं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली म्हणून ती आज विकली गेली होती. घेणारी दातांची डॉक्टर होती. तरुण, चटपटीत. दाढा तपासाव्यात तशी तिनं एकेक कडी दाबून पाहिली होती.

बायको या गाडीला सवत म्हणायची. सवत घराबाहेर चालली म्हणजे खरं तर पेढे वाटायचे, पण तिला मेलं सकाळपासून काही गोड लागत नव्हतं.

त्या गाडीत ती स्वतः कधी फारशी बसलीच नाही. एक सीट नवऱ्याची, दुसरी लेकीची. रविवार उजाडला की बापलेक छत उघडं टाकून वारा खायला निघत आणि केसांच्या झिंज्या करून परतत. मग लेक एकोणिसाव्या वर्षी आठ दिवसांच्या तापात गेली. हे वर तिच्या खोलीत जाऊन बसू लागले. जेवण नाही, पाणी नाही, नुसतं भिंतीकडे बघणं. एक माणूस गेलं, आता दुसरंही हातचं जातंय या धास्तीनं बायकोनं एके दिवशी ते दार ओढून घेतलं.

"यापुढं काम असेल तरच या खोलीत जायचं. उगाच जाऊन बसायचं नाही. माझी शपथ आहे."

शपथ तिनं स्वतःलाही घातली होती. नऊ वर्षांत ती तो जिना चढली नव्हती. झाडायला बाई जायची.

ते मात्र दर रविवारी जायचे. काम होतं ना! फेरफटक्याआधी छत काढलं की तावदानं ठेवायची कुठं? "डिकीत बसत नाहीत, घासतात," ते सांगत, आणि एकेक करून वर नेऊन लेकीच्या पलंगाखाली ठेवत. परतल्यावर पुन्हा आणायला वर. दर खेपेला अर्धा तास. ती जिन्याखालून चिडवायची, "ठेवून आलात की झोपवून आलात?"

"झोपवून," ते हसून म्हणायचे.

"काका, या राहू द्या तुम्हालाच." डॉक्टरबाईनं आता खाली आलेल्या दोन्ही तावदानांवरच्या फलालीनच्या खोळी काढून बायकोच्या हातात दिल्या आणि डिकी उघडली. "यांची जागा इथंच असते की."

डिकीत खरोखरच दोन खाचा होत्या. एक तावदान अलगद आत सरकलं, शेजारी दुसरं बसलं, आणि दोहोंमध्ये चांगली चार बोटं जागा उरली. डॉक्टरबाईनं बाजूचे पट्टे ओढले.

"कमाल आहे! पट्टे धुळीनं कडक झालेत. कित्येक वर्षांत कुणी ओढलेलेच दिसत नाहीत. इतकी वर्षं ठेवत कुठं होतात?"

ते चष्मा पुसू लागले. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

बायकोनं आधी पट्ट्यांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. नऊ वर्षं ती थट्टेनं विचारत होती, आणि हा माणूस तिला खरं तेच सांगत होता. शपथही मोडली नव्हती बिचाऱ्यानं. काम काढून जात होता.

"डिकीत हादरे बसतात ना," ती डॉक्टरबाईला म्हणाली. "मीच म्हटलं होतं, वर ठेवत जा."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. थोड्या वेळानं गाडी कोपऱ्यावरून वळून गेली.

पुढच्या रविवारी दहाच्या सुमाराला ते सवयीनं उठले, किल्लीच्या खिळ्याशी गेले आणि मोकळ्या खिळ्याला हात लावून परत खुर्चीत येऊन बसले. एकदा त्यांनी जिन्याकडे पाहिलं. काम नव्हतं.

बायको आतून धुतलेल्या, इस्त्री केलेल्या दोन खोळी घेऊन आली आणि तिनं त्या त्यांच्या मांडीवर ठेवल्या.

"ह्या वर ठेवायच्या आहेत. खाली जागा नाही."

तिच्यामागं कपाट उघडंच होतं. मधला अख्खा कप्पा रिकामा दिसत होता. नजर अधू असली तरी तेवढं त्यांना दिसत होतं.

"जागा नाही?"

"नाही म्हटलं ना! आणि दर रविवारी खाली आणून ऊन द्यायचं, मग परत वर न्यायच्या. नाहीतर कसर लागते."

ते बराच वेळ खोळींवरून हात फिरवत राहिले. मग उठले, जिन्यापाशी गेले आणि पहिल्याच पायरीवर थांबले. खांदे हलत होते. ती मागून आली.

"एक द्या इकडं," ती म्हणाली. "मलाही वर काम आहे."