तळव्यांतून उतरणारं विष

टबातलं पाणी तांबूस झालं आणि हॉलभर "अहाहा!" उठलं. खुर्चीत बसून टबात पाय सोडलेल्या बाई स्वतःच्याच पायांकडे कौतुकाने बघत राहिल्या.

"वीस वर्षांचं विष, वीस मिनिटांत!" जलगुरू गरजले. हे गृहस्थ पूर्वी पंखे विकायचे. आता पांढरा सदरा चढवून रोग पळवत होते.

मागच्या रांगेत एक निवृत्त विज्ञानशिक्षिका ओठ मुडपून बसली होती. शेजारी तिचा धाकटा भाऊ. दीड महिन्यापूर्वी ऑपरेशन करून त्याच्या जठरातली कॅन्सरची गाठ काढली होती. सोमवारी केमो सुरू व्हायची होती आणि हा पठ्ठ्या ती रद्द करायला निघाला होता.

"ताई, डॉक्टरच म्हणाले ना, सगळं काढलं? मग आता केमो कशाला?"

जलगुरूंनी तेवढा शब्द अलगद झेलला. "सगळं काढलं! मग उरलं काय? भुलीच्या औषधाचं विष! ते तळव्यांतून उतरतं. या, बसा."

टबात नवं पाणी भरलं आणि भावाने त्यात पाय सोडले. जलगुरूंनी मूठभर 'ऊर्जाक्षार' टाकला, दोन लोखंडी दांड्यांचं यंत्र पाण्यात बुडवलं.

"थांबा," ताई उठली. "तू पाय बाहेर काढ रे. आणि तुम्ही यंत्र चालू करा."

"अहो बाई, पायांशिवाय विष येणार कुठून?"

"तेच बघायचंय."

"श्रद्धा नसेल तर यंत्र चालत नाही!"

"मग त्याची पिन बोर्डात कशाला खुपसलीत? श्रद्धेवरच चालवा की!"

लोक हसले. आता नाही म्हणायची सोय उरली नाही. बटण दाबलं. थोड्याच वेळात पाणी पिवळट झालं, मग विटकरी.

"टबालाच रोग झालाय वाटतं," कुणीतरी पुटपुटलं.

भाऊ वाकला. निकेलचा मुलामा चढवण्याच्या कारखान्यात त्याची तीस वर्षं गेली होती. "हा तर गंज! मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंड सुटतं. ताई, मी जन्मभर हेच बघत आलोय गं!"

"भीतीने विसरलास. आता सांग, नट चकचकीत दिसला तरी मुलाम्याआधी ॲसिडात का बुडवतोस?"

"न दिसणारा गंज राहिला तर पुढे मुलाम्याचे पोपडे सुटतात."

"डॉक्टरांना दिसलं ते सगळं त्यांनी काढलं. न दिसणाऱ्या पेशी राहिल्या असतील, त्यांच्यासाठी केमो. त्रास होईल, तो डॉक्टरांना सांगायचा. त्यावरही औषधं असतात. पूर्ण बरं करण्याची हमी मात्र ते देणार नाहीत. ती असले भामटेच देतात."

"आज लहरी दूषित आहेत," म्हणत जलगुरू वायर गुंडाळू लागले.

सोमवारी भाऊ केमोच्या खुर्चीत बसला. सुई टोचताना त्याने नर्सला सात प्रश्न विचारले. तिने सातही उत्तरं दिली.

शंका आली तर अशीच विचारा. हवं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. पण कुणी चमत्कार दाखवू लागला, तर त्याला एवढंच म्हणा: "रोग्याला बाजूला बसवून दाखव."