कर्व्ह केलेली फाइल

"म्हणजे पैसे मोजूनसुद्धा ते सॉफ्टवेअर आपलं नाहीच?" मशीनमननं विचारलं.

"नाहीच. भाड्याच्या खोलीसारखं आहे ते, दादा. एक महिना भाडं चुकलं की तुम्ही बाहेर, तुमचं सामान आत," मास्तर म्हणाला.

मास्तर म्हणजे छापखान्यातला डिझायनर. वयानं मशीनमनपेक्षा बारा वर्षांनी लहान, पण काचेच्या खोलीत पंख्याखाली बसून काम करायचा, म्हणून सगळ्यांचा मास्तर. मशीनमन सव्वीस वर्षं काचेच्या पलीकडे ऑफसेट मशीनपाशी उभा होता. उभा म्हणजे खरोखरच उभा. एक स्टूल होतं, पण त्याच्यावर शाईचे डबे बसायचे.

त्याची एकुलती एक लेक, घरात जिला सगळे गुंडी म्हणत, ती घरी बसून संगणकावरून डिझाइन शिकत होती. वर्ष संपत आलं होतं. शेवटचा प्रकल्प बघून कॉलेज बारा जणांना निवडणार होतं. त्या बारांना पुढची दोन वर्षं फी माफ आणि कॉलेजात बसायला जागा. उरलेल्यांना एक कागद आणि शुभेच्छा. फी भरून पुढं शिकवणं मशीनमनच्या आवाक्यातलं नव्हतं, हे घरात तिघांनाही माहीत होतं, त्यामुळे कोणी ते बोलून दाखवत नसे. या प्रकल्पासाठी तिला सॉफ्टवेअर हवं होतं. कुठलंही चालेल, असं कॉलेजनं सांगितलं होतं.

"मग फुकटातलं एक आहे म्हणता, ते?"

"चांगलं आहे की. इंटरनेटवर चालतं. पोरं सर्रास वापरतात."

"छपाईचे चार रंग वेगळे निघतात त्यात? कर्व्ह होतं?"

मास्तर हसला. "दादा, ती शिकतेय. तिला कशाला हवंय कर्व्ह?"

"ते तुम्ही मला विचारू नका," मशीनमन म्हणाला.

कर्व्ह करणं म्हणजे फाइलमधल्या अक्षरांची चित्रं करून टाकणं. दिसायला काही फरक पडत नाही, पण मग दुसऱ्याच्या संगणकावर अक्षर बदलत नाही, मोडत नाही. छापखान्याचा हा लोखंडी नियम. नऊ वर्षांपूर्वी एका शाळेच्या वह्यांची कव्हरं कोणीतरी कर्व्ह न करताच पाठवली आणि अक्षरांच्या जागी चौकोन छापले गेले. मालकानं सगळ्यांदेखत मशीनमनला झापलं, तुझ्या डोळ्यांना दिसलं नाही का म्हणून. वर ते गठ्ठे सहा महिने दाराशी ठेवले, त्याला येताजाता दिसावेत म्हणून. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यानंतर मशीनमननं मास्तरकडून तेवढं एक शिकून घेतलं: सगळं निवडायचं, दोन बटणं दाबायची, सेव्ह करायचं. संगणकातलं त्याला येणारं हे एकच काम, आणि त्याचा त्याला भारी अभिमान.

शेवटी त्यानं तिसरंच एक सॉफ्टवेअर घेतलं. एकदाच पैसे भरा, कायमचं तुमचं. त्यात चार रंग निघत होते आणि कर्व्हही होत होतं.

"अरे बाबा, ते फुकटातलंच बरं होतं," गुंडी म्हणाली. "त्यात कालची, परवाची, सगळ्या दिवसांच्या प्रती आपोआप राहतात. काही बिघडलं तर मागं जाता येतं."

"फुकटचं ते फुकटचंच. हे व्यवसायातलं आहे. छापखान्यात चालेल असं."

"तुम्ही दोघं सॉफ्टवेअर बघताय की स्थळ बघताय?" बायको आतून म्हणाली. "आठ दिवस झाले, घराण्याची चौकशी संपत नाही."

गुंडी हसली. बापाच्या बोटांकडे, नखांत कायमची बसलेल्या काळ्या शाईकडे बघून म्हणाली, "बरं बाबा, तुझंच खरं." आणि त्याच सॉफ्टवेअरवर कामाला लागली.

शेजारच्या मावशींनी मागच्या वर्षी गोळ्यांचा घोळ केला होता आणि चार दिवस दवाखान्यात काढले होते. त्यावरून गुंडीच्या डोक्यात आलं होतं, की म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येतील अशी औषधांची पाकिटं करायची. कुठली गोळी, कधी, किती. एवढंच, पण ठळक. आठ पाकिटं. दोन महिने ती त्यात बुडाली होती. मधूनच मावशींना बोलवायची, पडदा त्यांच्यापासून हातभर लांब धरायची आणि वाचायला सांगायची. मावशी अडखळल्या की पुन्हा सगळं बदलायची. मशीनमन पाळी संपवून आला की तिच्या पाठीमागे उभा राहून बघायचा. त्यानं आयुष्यात लाखो कागद छापले, पण त्यातला एकही आपल्या घरातून निघाला नव्हता. हा निघणार, या विचारानं त्याला एकटं असतानाही हसू यायचं.

परीक्षेच्या दिवशी त्यानं रजा टाकली. अकरा वाजता परीक्षक संगणकावरूनच तिच्याशी बोलणार होते. साडेनवाला गुंडी म्हणाली, "झालं एकदाचं! आता हात लावायचा नाही," आणि फाइल तशीच उघडी ठेवून आंघोळीला गेली.

मशीनमन पडद्यासमोर बसला. सगळं नीट होतं. त्यानं सवयीनं एका अक्षरावर टिचकी मारली. फाइल कर्व्ह केलेली नव्हती. तिकडे कॉलेजच्या संगणकावर सगळ्यांसमोर चौकोन आले तर? पोरगी हुशार, पण शेवटी पोरगीच. त्यानं सगळं निवडलं, दोन बटणं दाबली, सेव्ह केलं आणि कामगार काम संपल्यावर मशीन बंद करतो तसं सॉफ्टवेअर नीट बंद करून ठेवलं. बोलला काहीच नाही. आपण केलेलं काम बोलून दाखवायची त्याला सवय नव्हती.

अकराला परीक्षक पडद्यावर आले. एक बाई, एक साहेब. मशीनमन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, त्यांना दिसणार नाही असा.

"छान केलंय," बाई म्हणाल्या. "खरंच छान. आता सगळ्यांना देतो तसं एक छोटं काम. ही गोळी सकाळी घ्यायची आहे ना? तिथं 'संध्याकाळी जेवणानंतर' असं लिहून दाखवा. मजकूर वाढला की मांडणी टिकते का, ते बघू."

"हो मॅडम." गुंडीनं टिचकी मारली. पुन्हा मारली. दुसऱ्या पाकिटावर गेली, तिसऱ्यावर गेली. "एक मिनिट मॅडम. ही... ही अक्षरं राहिली नाहीयेत. चित्रं झालीयेत."

"मूळ फाइल उघडा मग."

"हीच मूळ आहे."

आता साहेब म्हणाले, "हे तुम्हीच केलंय ना? छापखान्यातून तयार करून आणलेल्या फायली अशाच असतात."

"मीच केलंय सर. सगळं मीच केलंय."

"वडील काय करतात?"

गुंडीला खोटं बोलता येत नसे. तेही बापाकडूनच आलेलं. "छापखान्यात असतात," ती म्हणाली.

"अच्छा," साहेब म्हणाले.

मशीनमनला सगळं कळलं होतं. पुढं व्हावं, सांगावं की साहेब, चूक माझी, पोरीनं रात्रंदिवस खपून केलंय. त्यानं एक पाऊल उचललंही. पण छापखान्यातला माणूस स्वतःच्या तोंडानं सांगणार की फाइलला हात मी लावला, तर काम पोरीचं नव्हेच, अशी त्यांची खात्रीच पटणार. त्यानं पाऊल मागे घेतलं. सव्वीस वर्षं उभ्यानं काढलेला माणूस त्या दहा मिनिटांत दाराशीच खाली बसला.

"ठीक आहे, धन्यवाद," बाई हळू आवाजात म्हणाल्या, आणि पडदा रिकामा झाला.

गुंडी जुनी प्रत शोधत होती. मिळाली ती महिन्याभरापूर्वीची, तीनच पाकिटांची. "सॉफ्टवेअरच भिकार आहे," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "आपोआप असं कसं होईल?"

सॉफ्टवेअरवर ढकलता आलं असतं. घरात कुणाला कळलंही नसतं.

"आपोआप नाही झालं," मशीनमन म्हणाला. "मी कर्व्ह केलं. तू आंघोळीला गेलीस तेव्हा."

बायकोनं कपाळाला हात लावला. "अहो, पण तिला विचारायचं तरी!"

गुंडी ओरडली असती, वस्तू आपटली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं फक्त डोळे पुसले. "जाऊ दे बाबा," ती म्हणाली. "तुला काय माहीत."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, उलट समजूतच होती. मशीनमनला मात्र मालकाचं झापणं त्यापुढं काहीच वाटलं नाही.

त्यानं कॉलेजला फोन केले. उचलणाऱ्यानं परीक्षा पुन्हा होत नाही, हा नियम वाचून दाखवला. काम पोरीचंच आहे अशी मास्तरकडून चिठ्ठी लिहून न्यावी असंही त्याच्या मनात आलं, पण छापखान्याच्या कागदावरची चिठ्ठी घेऊन कुठल्या तोंडानं जाणार? दहा दिवसांनी बारा नावं लागली. गुंडीनं यादी एकदाच वाचली आणि जेवायला बसली. पुढच्या आठवड्यात ती एका दवाखान्यात रुग्णांची नावं लिहून घ्यायच्या कामाला लागली.

एका सुटीच्या दुपारी ती कामावर होती. मशीनमनला ती पाकिटं बघावीशी वाटली. नुसती बघायची; हात कशालाच लावायचा नव्हता. त्यानं हात साबणानं दोनदा धुतले, कोरडे केले आणि लॅपटॉप उघडला.

पडद्यावर एक लांबट चौकट आली. पासवर्ड टाका, असं लिहिलेलं होतं. आजवर त्या लॅपटॉपला पासवर्ड कधीच नव्हता.

बायको दारात येऊन उभी राहिली. "मला सांगून ठेवलाय तिनं," ती म्हणाली. "बाबानं विचारला तर सांग म्हणाली. सांगू?"

"नको," तो म्हणाला.

चौकटीत एक बारीकशी रेघ लुकलुकत होती. मग त्यानं झाकण सावकाश खाली आणलं, आवाज होणार नाही असं.