ढेकर साहेबाचा निकाहनामा

गयासुद्दीनने पस्तीस वर्षं रेल्वेत तिकिटं तपासली. बडनेऱ्यापासून भुसावळपर्यंत त्याने कोणाच्या तोंडी सांगण्यावर कधी विश्वास ठेवला नाही. तिकीट दाखवा, नाहीतर दंड भरा. स्वतःच्या खानदानाची गोष्ट मात्र त्याने कुठलाही कागद न बघता सगळीकडे सांगितली होती.

गोष्ट अशी, की त्याचे पणजोबा डच होते. यान डेकर नावाचे. अकोटच्या कापसाच्या जिनात इंजिन बसवायला आले आणि तिथल्याच सकीनाबीशी लग्न करून राहिले. गावाने त्यांचा ‘ढेकर साहेब’ करून टाकला. गयासुद्दीनच्या घरात सगळ्यांचे डोळे घारे, उंची दारात वाकायला लावणारी. त्यामुळे आजवर कोणी शंका घेतली नव्हती.

नात अलीझाचं लग्न अकोल्याच्या शाकीबशी ठरलं. बोलणी करायला शाकीबची आई अफसानाबी अमरावतीला आल्या, तेव्हा त्यांनी अगदी कौतुकाने विचारलं की हॉलंडात तुमचं गाव कोणतं. गयासुद्दीनने ॲमस्टरडॅमच्या बाजूला कुठेतरी, असं सांगून वेळ मारून नेली. पण पुढ्यातला हलवा तसाच राहिला. असली उत्तरं देणाऱ्या प्रवाशांना त्याने जन्मभर खाली उतरवलं होतं.

अलीझाने तिकडच्या एका अभिलेखागाराला ईमेल केला. दोन दिवसांत नम्र उत्तर आलं. त्यांच्या दप्तरात यान डेकर शेकड्यांनी होते. नेमका हवा असेल तर जन्मगाव आणि वडलांचं नाव कळवा. लग्नाची नोंद मिळाली तर तिच्यात बहुधा सापडेल.

गयासुद्दीनचा जुना मित्र खुशालराव तिथेच बसला होता. “म्हंजे तिकडचा बंडू निघाला तो,” तो म्हणाला. “बजारात हाक मारली तं अर्धा बजार वळून पायते.”

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीने अकोटला गेले. तिथे काझी फुरकान यांच्या घरी पाच पिढ्यांची निकाहाची रजिस्टरं होती. काझींनी फडक्यात बांधलेली बाडं एकेक करून सोडली. वाळवीने कुठे नवरा खाल्ला होता, कुठे साक्षीदार. तीन चहा झाल्यावर हिजरी १३११ सालात, म्हणजे १८९३च्या आसपास, ढेकर साहेब सापडले. खुशालरावला रजिस्टरातलं उर्दू कळत नव्हतं, म्हणून काझी मराठीत सांगत गेले.

नवरा जान मोहम्मद, पूर्वीचं नाव यान डेकर, राहणार जिन. जन्मगाव आणि वडलांचं नाव वाळवीच्या पोटात गेलेलं. वधूला द्यायचा मेहर म्हणून कपडे शिवायचं एक मशीन. वधू सकीनाबी, करीम गाडीवानाची विधवा. सोबत चार वर्षांचा मुलगा, गुलाब.

गुलाब म्हणजे गयासुद्दीनचे आजोबा.

गयासुद्दीनने ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग चष्मा पुसून स्वतः वाचली. चांगल्या खानदानी कागदांचा फडशा पाडणाऱ्या वाळवीने या ओळीला तोंडही लावलं नव्हतं. घारे डोळे आणि उंची, सगळं अकोटच्या करीम गाडीवानाचं होतं.

“खाली एक शर्त आहे,” काझी म्हणाले. नवऱ्याने लिहून दिलं होतं की गुलाबला मी माझा मुलगा म्हणून वाढवीन, आणि इंजिनाचं काम शिकवीन.

ते मात्र खरं होतं. गुलाब अकोटच्या जिनात फिटर होते. गयासुद्दीनचे वडीलही फिटरच होते.

दोघं स्टँडवर बसची वाट बघत बसले. खुशालराव एरवी ढेकर साहेबांवरून त्याची रोज थट्टा करायचा. आज त्याने शेंगांचा पुडा आणून गयासुद्दीनपुढे धरला.

“खुशाल,” गयासुद्दीन शेवटी म्हणाला, “मी लोकाइले एका टेसनासाठी दंड ठोकला. अन् मीच सत्तर वर्षं दुसऱ्याच्या नावावर हिंडून राह्यलो.”

“काहून दुसऱ्याच्या? तुया-माया बापाले पोरं आपोआप झाली. त्या मानसानं लिहून देऊन पोरगं घेतलं.”

बसमध्ये गयासुद्दीनने खुशालरावला खिडकी दिली.

तरी लग्नाआधी खरं सांगायचंच, असं त्याने ठरवलं. दोघं अकोल्याला गेले. गयासुद्दीनने काझींकडून आणलेली नक्कल अफसानाबींसमोर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं; तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं तर तुमचं बरोबर आहे, असंही म्हणाला.

अफसानाबींनी कागद वाचला, त्याची घडी घातली आणि उठून आधी दार लावून घेतलं. खुशालराव बसलेला, म्हणून त्या मराठीतच बोलल्या.

“हे आणखी कोणाले सांगतलं?”

“कोणालेच नाही.”

“मंग सांगू बी नका, भाईसाब. मी अख्ख्या अकोल्याले सांगून बसली की सून डच येऊन राह्यली. माया जाऊबाईनं त्या दिवसापासून मायाशी बोलनं सोडलं. पहिल्यांदा घरात शांतता आहे.”

गयासुद्दीनला हसू आवरेना. पण आपण खोटं बोलणार नाही, हे त्याने बजावलं. अफसानाबी म्हणाल्या, खोटं बोलूच नका, फक्त कमी बोला.

निकाहाच्या दिवशी अकोल्याचे पाहुणे गयासुद्दीनला बघायला रांगेने आले. ढेकर साहेब तुमचे कोण, असं प्रत्येकाने विचारलं. “पणजोबा,” तो म्हणाला, आणि दर वेळी त्याचा आवाज थोडा मोठा झाला. संध्याकाळपर्यंत त्याला त्यात कमी बोलल्यासारखंही वाटेनासं झालं.

शेवटी नवरदेवाकडचे एक वयस्क मामू खुर्ची ओढून समोर बसले. डच भाषेत काहीतरी बोलून दाखवा, म्हणाले. अलीझाने फोनवर बघून आजोबांना एकच शब्द शिकवला होता.

“पान्याले तिकडं वाटर म्हनतात,” गयासुद्दीन म्हणाला.

मामूंनी विचार केला. “हे तं इंग्रजीच झालं.”

“इंग्रजाइनं तेथूनच तं नेलं,” खुशालराव गंभीरपणे म्हणाला.

मामूंना ते पटलं. त्यांनी तो शब्द दोन-तीनदा स्वतःशी म्हणून बघितला आणि अफसानाबींच्या जाऊबाईंना सांगायला उठले.