पंपाची तारीफ

चंद्रशेखर पाटणकरांना चिनी माणसं पुरती कळली होती. निदान त्यांचा तसा ठाम समज होता, आणि आखातातल्या सनाबिसच्या फ्लॅटवर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो चहाबरोबर ऐकावा लागे.

"स्वतःच्या देशाला स्वतः वाट्टेल ते बोलतील," ते म्हणत, "पण आपण नुसती मान डोलावली की लगेच नाकाला मिरच्या झोंबतात."

झालं होतं असं. जवळच सित्राच्या ज्या चिनी कंपनीत ते पंपांची तपासणी करत, तिथली मंडळी एकदा जेवताना आपल्याच देशाची पिसं काढत बसली होती. लोक रांगा मोडतात, साहेबापुढे लाळ घोटतात, अभ्यासापायी पोरांना पिळून काढतात. मॅनेजर फंग सगळ्यांच्या पुढे. पाटणकरांना वाटलं, आपणही हात धुऊन घ्यावेत. "खरंय, तुमचे लोक तसेच," ते म्हणाले. फंगनी भाताचा वाडगा उचलला आणि विषय सूपवर नेला.

त्या दिवशी पाटणकरांनी अख्ख्या देशाला कुक्कुलं बाळ ठरवून टाकलं. बाळाला काय लागतं? कौतुक. मग त्यांनी कौतुकाचा रतीबच घातला. चीनचे पूल, चीनच्या गाड्या, चीनचा चहा. घरी आल्यावर मात्र बायकोपुढे, सुरेखाबाईंपुढे, त्याच तोंडाने फंगची नक्कल. म्हणजे पाटणकर ऑफिसात लाळ घोटायचे आणि घरी त्यालाच हुशारी म्हणायचे.

यंदा त्यांचा करार संपत होता. लेक अनुष्काची बारावी तोंडावर आलेली. नोकरी गेली तर व्हिसा गेला, म्हणजे पोरीला ऐन वेळी शाळेतून काढून पुण्याला न्यायचं. आणि तपासणीतल्या दोघांपैकी एकालाच कंपनी ठेवणार होती. दुसरी हेमा, त्यांच्या हाताखाली शिकलेली इंजिनिअर.

तशात चीनहून नवा पंप आला. फंगनी दोघांना चाचणीला बोलावलं. पंप सुरू झाला आणि सीलपाशी, म्हणजे पाणी अडवणाऱ्या कड्यापाशीच, पाणी ठिबकू लागलं. पाटणकरांना ते दिसलं. न दिसायला ते काही आंधळे नव्हते.

"कसा आहे?" फंगनी विचारलं.

"नंबर वन, सर. चायनाचा माल म्हणजे बघायलाच नको."

"गळतोय," हेमा म्हणाली. "सील हलकं आहे. परत पाठवा."

संपली बिचारी, असं पाटणकर मनातल्या मनात म्हणाले, आणि त्यांना बरं वाटलं.

फंगनी वाकून सीलला बोट लावलं आणि ते रुमालाला पुसलं. "आमच्या कारखान्याने पुन्हा लबाडी केली," ते म्हणाले. मग पाटणकरांकडे वळले. "तुम्ही जेवताना माझ्या लोकांबद्दल बोललात, ते मला लागलं होतं. पण नंतरचं तुमचं कौतुक त्याहून वाईट. लहान मुलाशी बोलावं तसं तुम्ही माझ्याशी बोलता. माझ्या देशाचं मी बघून घेईन. तुम्हाला पगार देतो तो पंपाला नावं ठेवायला."

एवढं बोलून ते हेमाला घेऊन ऑफिसात गेले. करार तिचा वाढला.

पाटणकर घरी आले, सोफ्यावर टेकले आणि सुरेखाबाईंना सगळं सांगितलं. आतल्या खोलीत अनुष्का मोठ्याने फिजिक्स पाठ करत होती.

"शेवटी काय, टीका म्हणून सहन होत नाही या लोकांना," ते म्हणाले.

सुरेखाबाईंनी उठून आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "पण आज तुम्ही टीका केलीत कुठे?"