घरच्या नियमांचा बेसबॉल

मित्रांनो, गैरसमज नको म्हणून आधीच सांगून टाकते. गाणी वाजवणारी कॅसेट ती मी नव्हे. मी व्हिडिओ गेमची जुनी, पिवळी कॅसेट आहे. खेळाच्या डब्यातल्या खाचेत मला खोचायचे, बटण दाबायचे, की टीव्हीवर हिरवेगार मैदान उगवते. माझ्या अंगावर '९९ खेळ' असे छापले आहे. खरे सांगायचे तर माझ्यात चारच खेळ आहेत, आणि त्यातले तीन म्हणजे विटा फोडण्याचा एकच खेळ तीन रंगांत. चौथा बेसबॉल. त्या एकावर मी आयुष्य काढले.

मी कुठल्या कारखान्यात जन्मले ते मला ठाऊक नाही. आम्ही सगळ्या नकला होतो, त्यामुळे तिथे गावाचे नाव कोणी लिहीत नसे. खानदान मात्र मोठे. सगळ्यांत जुन्या घरगुती बेसबॉल खेळांत खेळाडू म्हणजे नुसते चौकोनी ठिपके असत. माझ्या पिढीत त्यांना टोपी आली, गोल पोट आले, उंच उडालेल्या चेंडूला सावली आली. पुढच्या पिढीत पंच बोलू लागला. मला विचाराल तर तिथूनच सगळे बिघडले.

२००१ साली शारजात, रोल्ला बाजारातल्या एका दुकानात मी टांगलेली होते. विजयकुमार नावाचे गृहस्थ पाच वर्षांच्या मैथिलीचा हात धरून आत आले. अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या कंपनीत ते क्वालिटी इन्स्पेक्टर होते. दोन मिलिमीटरचा फरक निघाला तर अख्खा ट्रक परत पाठवत, म्हणून कंपनीत त्यांना 'टू एमएम' म्हणत. असा माणूस फसायचा म्हणजे नशीबच लागते. माझ्यावरच्या चित्रात बॅट घेतलेला माणूस होता.

"क्रिकेट है साहब, एकदम ओरिजिनल," दुकानदार म्हणाला.

"कितना?"

"पंधरा दिरहम."

"पंधरा? म्हणजे एकशे नव्वद रुपये! बारा देगा, यल्ला, खलास."

घरी आल्यावर पाहतात तर स्टंप नाहीत, पिच नाही आणि बॅट म्हणजे मुसळ. विजयकुमारांचा चेहरा उतरला. पण आपण फसलो हे बायकोपुढे कबूल करायचे कसे? त्यांनी घसा खाकरला आणि जाहीर केले, "हे फॉरेनचं क्रिकेट आहे."

मग त्या क्रिकेटला त्यांनी नियम बसवले. पहिला बेस, म्हणजे पळायच्या वाटेवरचा पहिला थांबा, गाठला की एक धाव. दोन बेस गाठले की दोन, तीन गाठले की तीन. चेंडू प्रेक्षकांत गेला की छक्का. चार वाईड पडले की फुकटची एक. मशीनचा हिशेब निराळा. माणूस सगळी फेरी मारून घरी पोचेल तेव्हाच मशीन एक धाव देणार, तोवर भोपळा. हे काही विजयकुमारांना पटले नाही.

"एवढा जीव तोडून पळाला गं तो, आणि ह्याला त्याची किंमतच नाही! प्रमिला, हे मशीन चुकतंय."

"अहो, मशीन कसं चुकेल?"

"मशीनच चुकतं. माझी नोकरी कशावर चाललीये?"

तेव्हापासून दर शुक्रवारी जेवणानंतर बापलेक खेळत, प्रमिलाबाई वामकुक्षीच्या नावाखाली एक डोळा उघडा ठेवून बघत, आणि विजयकुमार कॅलेंडरच्या जुन्या पानामागे खरा स्कोअर लिहीत. त्या घरात कधीही कोणाची अर्धी धावही चुकली नाही. ते माझे सोन्याचे दिवस होते.

पुढे खरोखरच सोन्याचे दिवस आले आणि माझे संपले. दुबईत जिकडे तिकडे टॉवर उठू लागले. टॉवरला खिडक्या लागतात, खिडक्यांना विजयकुमार लागत. ते रात्री दहाला घरी येत. घरात भिंतीएवढा टीव्ही आला, नवा महागडा गेम आला, आणि मी मेणबत्त्या, जुने चार्जर व लग्नपत्रिकांच्या खणात जाऊन पडले. तीन वर्षे मला कोणी फुंकरही घातली नाही. खोटे कशाला बोलू, मी त्या खणात खूप रडले.

मग मंदी आली. क्रेन आहेत तिथे थांबल्या. भिंतीच नाहीत तिथे खिडक्या कोण लावणार? फेब्रुवारी २००९ मध्ये कंपनीने विजयकुमारांच्या हातात पत्र ठेवले. व्हिसा रद्द, आणि तीस दिवसांत नवी नोकरी मिळाली नाही तर पुण्याला परत. मैथिली आठवीत होती. तिच्या लेखी पुणे म्हणजे उन्हाळ्यातले तीन आठवडे आणि गाल ओढणाऱ्या आत्या. तिची शाळा, मैत्रिणी, तिचे सगळे इथे होते. तिने जेवण कमी केले. ते बघून विजयकुमारांचेही कमी झाले.

दिवसा घरी बसायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी सगळे खण आवरायला काढले आणि मी सापडले. दुपारी मैथिली शाळेतून आली की दोघे पुन्हा माझ्यासमोर बसू लागले. जग बुडाले तेव्हा माझे दिवस पालटले, याची मला अजूनही जरा लाज वाटते. मैथिली या काळात भयंकर तयार झाली. मोठे फटके ती मारायचीच नाही. हळूच चेंडू ढकलायचा, एक बेस, एक धाव. घरच्या नियमांत तिला कोणी हरवू शकत नव्हते.

नोकरीचे मात्र काही जमेना. कुठे बोलावत आणि 'कळवतो' म्हणत, कुठे साहेबच नोकरीवरून गेलेला असे. विजयकुमार घरी येऊन बूट काढत तेव्हा प्रमिलाबाई विचारत, "आत बोलावलं होतं ना?"

"हो, पण..."

"मग एक धाव लिहा." आणि त्या खरोखर कॅलेंडरचे पान पुढे करत. विजयकुमार हसत नसत, पण लिहीत.

अठराव्या दिवशी प्रमिलाबाईंनी खोकी बांधायला घेतली. समोरच्या फ्लॅटमधल्या अजराभाभींच्या मुलांना त्यांनी डब्यासकट मला देऊन टाकले. आणि बरोबर दोन दिवसांनी विजयकुमार टाय न सोडताच दारात उभे राहिले.

"प्रमिला, इंटरव्ह्यू मस्त झाला! इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये पंपांची फॅक्टरी आहे. मॅनेजर जपानी, ओकुमुरा म्हणून. दोघंच उरलोय, रविवारी डिसिजन. फक्त एक प्रॉब्लेम झालाय."

"काय?"

"हॉबी विचारली. काही सुचेना, मी म्हटलं, आम्ही घरी बेसबॉल खेळतो. तो उडालाच! म्हणाला लहानपणी ओसाकात भावाबरोबर टीव्हीवर बेसबॉल खेळायचो. शुक्रवारी येतोय तो खेळायला. कॅसेट कुठाय?"

प्रमिलाबाई खाली बसल्या. "अजराला दिली."

विजयकुमार टायसकट समोरच्या दारात गेले आणि मला उसनी मागून आणले. माझ्यावर तोवर शेवयांचे दूध सांडले होते. मैथिलीने कापसाच्या बोळ्याने, स्पिरिट लावून माझा खाचेत बसणारा पितळी दात न् दात स्वच्छ केला. तेव्हा तिचे बाबा तिच्या शेजारी येऊन बसले.

"मैथू, शुक्रवारी तू खेळ. माझे हात थरथरतील. आणि हे बघ, हरायचंय. पण लगेच नको, जरा लढून हर."

"बाबा! दॅट्स चीटिंग."

"आय नो, बेटा."

मैथिलीने कापसाचा बोळा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "ओके. फाइन."

शुक्रवारी ओकुमुरासाहेब आले. दारातच बूट काढले, तेव्हा प्रमिलाबाईंच्या मनात अर्धी नोकरी पक्की झाली. सोलकढी त्यांनी स्ट्रॉबेरीचे दूध समजून घटाघट प्यायली, डोळ्यांत पाणी आणले आणि पुन्हा मागून घेतली. मग टीव्हीसमोर मांडी घालून बसले आणि मला पाहून एवढेच म्हणाले, "माझ्याकडे निळी होती."

सामना सुरू झाला. साहेबांनी पहिल्याच डावात चेंडू प्रेक्षकांत भिरकावला. मैथिलीने आधी दोन-तीन चेंडू मुद्दाम सोडले. पण सहाव्या-सातव्या मिनिटाला तिचे डोळे बारीक झाले आणि मी ओळखले, ही आता सगळी वचने विसरली. ढकल चेंडू, गाठ बेस. ढकल चेंडू, गाठ बेस. साहेबांनी एकूण तीन उत्तुंग फटके मारले. मैथिलीने एकही नाही. अखेर पडद्यावर निकाल झळकला: ओकुमुरा तीन, मैथिली दोन.

साहेबांनी मूठ उंचावली. प्रमिलाबाईंनी देवाऱ्याकडे बघून हात जोडले. सगळे झाले होते, मित्रांनो. इथे विजयकुमारांनी फक्त गप्प बसायचे होते. पण एवढी वर्षे सामना संपला की ते उठून उभे राहत आणि पान हातात धरत. या वेळीही, सामनाभर स्कोअर लिहिलेले कॅलेंडरचे पान धरून ते उभे राहिले.

"फायनल स्कोअर," ते इंग्रजीत खणखणीत आवाजात म्हणाले. "मैथिली थर्टी वन, ओकुमुरासान ट्वेंटी टू. मैथिली विन्स."

साहेबांची उंचावलेली मूठ खाली आली. आपण काय बोलून बसलो ते विजयकुमारांना आता कळले, पण बाण सुटला होता. ओकुमुरासाहेबांनी हात पुढे करून पान मागितले. ओळ न् ओळ बोट ठेवून वाचली. तेवढ्यात खांद्यावरून डोकावणारे विजयकुमार म्हणाले, "सॉरी सर, वन करेक्शन. इथं माझी चूक झालीये. तुमचे ट्वेंटी टू नाहीत, ट्वेंटी वन आहेत."

"अहो, पुरे!" प्रमिलाबाई कळवळल्या.

"मशीन म्हणतं मी जिंकलो," साहेब शांतपणे म्हणाले.

"मशीन इज राँग, सर." विजयकुमारांच्या कपाळावर घाम होता, पण आवाज हलला नाही. "सिन्स टू थाउजंड वन." मग त्यांनी नियम समजावून सांगितले, पहिल्या बेसपासून फुकटच्या धावेपर्यंत, एकही न गाळता.

ओकुमुरासाहेबांचे खांदे हलू लागले. मला वाटले रागाने. पण ते हसत होते, आणि हसता हसता कुशीवर कलंडले. मग चष्मा पुसून म्हणाले, "अगेन. तुमच्या नियमांनी." दुसऱ्या सामन्यात मैथिलीने त्यांना सरळ धुतले.

दारात बूट घालताना ते विजयकुमारांना म्हणाले, "दुसरा उमेदवार चाळीस मिनिटं माझ्या प्रत्येक वाक्याला 'यस सर' म्हणाला. दोन वाक्यं मी मुद्दाम चुकीची बोललो होतो. मला तपासणारा माणूस पाहिजे. मशीनचं न ऐकणारा आणि माझंही न ऐकणारा. पगार पूर्वीपेक्षा कमी असेल. रविवारी सात वाजता या."

दार लागले. प्रमिलाबाई दाराला टेकून मोठ्याने रडल्या. मैथिलीने बाबांना मिठी मारली आणि नाक ओढत म्हणाली, "आय ट्राइड टू लूज, बाबा. आय रिअली ट्राइड." आणि त्या रात्री घरातल्या सगळ्यांनी दोनदा वाढून घेतले.

दुसऱ्या दिवशी विजयकुमार मला परत करायला समोर गेले. उसनी वस्तू ती उसनी, हाही त्यांचा नियम. अजराभाभींनी मला त्यांच्याच हातात ठेवले. "आप लोग जा नहीं रहे ना, भाईसाहब? फिर ये क्यों जाएगी? बच्चे वहीं आके खेलेंगे." आणि मुले खरोखर आली, रोज आली, आणि त्यांनाही विजयकुमारांनी ट्वेंटी वन आणि ट्वेंटी टूमधला फरक शिकवला.

आता माझा डबा बंद पडला आहे आणि माझे दात काळवंडले आहेत. मैथिलीच्या फोनवर बेसबॉलचे कितीतरी सुबक खेळ फुकट मिळतात. त्यांना मी नावे ठेवत नाही, दिसायला ते माझ्यापेक्षा देखणेच आहेत. मला दमट जागी ठेवू नका, माझ्यावर दूध सांडू नका, एवढीच माझी स्वतःसाठी विनंती. पण मित्रांनो, तुम्ही जेमतेम पहिला बेस गाठून, धापा टाकत घरी येता, तेव्हा सगळे जग भोपळा दाखवत असताना तुमच्या नावावर एक धाव लिहिणारे माणूस घरात असेल, तर त्याला माझ्याहून जास्त जपा. ते माणूस रोल्लाच्या कुठल्याही दुकानात मिळत नाही.